पुस्तक एकटे तोलू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून गेली दोन वर्षे तुम्ही हौसेने पुस्तकांवर लिहीत आहात. कादंबरी, रहस्यकथा, कविता, आत्मचरित्र, इतिहास, अनुवाद यांतले काहीच तुम्हाला वर्ज्य नाही. परंतु मागचे लेखन चाळताना तुमच्या असे लक्षात आले, की पुस्तके निरनिराळी असूनही परीक्षणे मात्र सगळी एकाच साच्यातली झाली आहेत. असे का होते आणि प्रत्येक साहित्यप्रकाराला न्याय कसा द्यावा, हे तुम्ही विचारले आहे. भेट म्हणून आलेल्या पुस्तकांबाबत काय धोरण ठेवावे, असाही तुमचा एक प्रश्न आहे. मी मिरजेत राहतो. बँकेतल्या नोकरीच्या जोडीने सव्वीस वर्षे हीच हौस केली आहे, तेव्हा जे सांगेन ते त्या अनुभवावरून सांगेन.

आधी एक चाचणी करून पाहा. तुमच्या कोणत्याही जुन्या परीक्षणातले पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव झाकून तो मजकूर वाचा. ‘ओघवती भाषा’, ‘खिळवून ठेवणारे कथानक’, ‘संग्राह्य’, ‘प्रत्येकाने आवर्जून वाचावे असे’ हे शब्द दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर तसेच्या तसे चिकटवता येत असतील, तर तुम्ही त्या पुस्तकाविषयी अजून काही लिहिलेलेच नाही असे समजा. हे शब्द आळसातून येतात असे मला वाटत नाही. पुस्तक एकटेच हातात घेऊन ‘मला आवडले का?’ एवढेच आपण स्वतःला विचारतो, आणि त्या प्रश्नाला मराठीत दहा-पंधरा ठरलेलीच उत्तरे आहेत. तेच पुस्तक त्याच प्रकारच्या आणखी तीन पुस्तकांच्या शेजारी ठेवले, की त्याचे वेगळेपण आपोआप दिसू लागते. म्हणून अनोळखी प्रकारातल्या पुस्तकावर लिहिण्याआधी मी त्या प्रकारातली तीन पुस्तके वाचतो: एक जुने, एक अलीकडचे आणि एक असे, की त्या प्रकाराचे नेमाने वाचन करणारे लोक ज्याचे नाव आपणहून घेतात. याला मी पुस्तकाचा शेजार म्हणतो. या उत्तरात पुढे जे काही येईल, ते सगळे या शेजाराभोवतीच फिरणारे आहे.

ही सवय मला एका वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर लागली. सुरुवातीच्या काळात मी एका रहस्यकथेवर असे लिहिले होते, की तिच्यातली पात्रे सपाट आहेत आणि भाषा सामान्य आहे. त्या खिडकीवर तीसेक वर्षे बसलेल्या कर्मचाऱ्यांनी ते वाचले आणि मला एवढेच विचारले, “खूनी कोण, हे तुम्हांला कितव्या पानावर कळलं?” मला सांगता आले नाही, कारण ते मी टिपून ठेवलेच नव्हते. “मग रहस्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही,” असे म्हणून त्यांनी कपाटातून तीन पुस्तके काढून माझ्या नावावर चढवली. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. रहस्यकथेचा वाचक कोड्यासाठी आलेला असतो, आणि मी कोडे सोडून बाकी सगळे तपासले होते.

त्या तीन पुस्तकांमुळे आणखी एक गोष्ट कळली. एकाच प्रकारातही लेखक आणि वाचक यांच्यात दोन वेगळे करार असतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड हे त्यांचे नायक वाचकाला पुस्तकामागून पुस्तक जसेच्या तसे भेटत राहावेत, अशीच वाचकाची अपेक्षा असे. तिथे वेग आणि साहस हा करार आहे, आणि नायक बदलत नाही ही तक्रार गैरलागू आहे. याउलट जिथे लेखक वाचकाला सोबत घेऊन गुन्ह्याचा उलगडा करतो, तिथे प्रत्येक धागा उलगड्यापूर्वी वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेला असला पाहिजे. अशी कथा मी दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात गुन्हेगाराविषयीचा माझा संशय कोणत्या पानावर कुणाकडे वळला, ते टिपतो. शेवट कळल्यावर पहिला तृतीयांश भाग पुन्हा वाचतो आणि निर्णायक धागा तिथे खरोखर ठेवला होता, की शेवटच्या प्रकरणात एखादी चिठ्ठी, जुळा भाऊ किंवा जुने वैर अचानक आणले गेले, ते पाहतो. परीक्षणातला माझा निर्णय या दुसऱ्या वाचनावर उभा असतो.

रहस्यभेदाविषयीही इथेच सांगतो. गुन्हेगाराचे नाव कुणीच फोडत नाही. परंतु ‘शेवट धक्कादायक आहे’ असे लिहिणे हाही रहस्यभेदच आहे, कारण ते वाचल्यावर वाचक प्रत्येक सरळ दिसणाऱ्या पात्राकडे संशयाने पाहू लागतो आणि लेखकाने मेहनतीने रचलेला साधेपणा वाया जातो. पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशात जे उघड झाले आहे, तेवढेच मी लिहितो आणि बाकीचे रचनेबद्दल बोलून सांगतो.

हे सगळे नोंदींवर अवलंबून असल्यामुळे नोंदींची पद्धत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. माझी निम्मी पुस्तके वाचनालयाची असतात, त्यांत पेन्सिलही लावता येत नाही. म्हणून पाठकोऱ्या कागदांच्या अरुंद पट्ट्या कापून प्रत्येक पुस्तकात चार-पाच ठेवतो. पट्टीवर पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द, एवढेच. मी तीनच प्रकारची नोंद करतो: कुठे थांबून पुन्हा वाचले, कुठे शंका आली आणि कुठे पुस्तक खाली ठेवले. तिसरी नोंद सर्वांत उपयोगी पडते. एखादी जाडजूड कादंबरी मी दोनशे दहाव्या पानावर दोन दिवस उघडली नाही, असे पट्टीवर दिसले, की मला त्या पानाच्या आसपास काय घडले ते पाहावे लागते. बहुधा तिथे निवेदनाचा सूर बदललेला असतो, किंवा लेखक कथेबाहेर येऊन समजावून सांगू लागलेला असतो. ‘मधला भाग रेंगाळतो’ या वाक्याऐवजी मग मला नेमके कारण लिहिता येते. पहिल्याच पट्टीवर मी शीर्षकपृष्ठामागच्या पानावरून आवृत्तीचे वर्ष उतरवून घेतो आणि ती नवी आवृत्ती आहे की नुसते पुनर्मुद्रण, हेही पाहतो.

वर्ष पाहण्याला आणखी एक कारण आहे. मराठी शुद्धलेखनाचे आज चालू असलेले नियम १९६२मध्ये स्वीकारले गेले आणि त्यांनी उच्चारात नसलेले, व्युत्पत्तीवरून येणारे बरेच अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छपाईत ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ असे दिसते, ते त्या काळाचे शुद्धलेखन आहे. जुन्या पुस्तकाच्या नव्या छपाईत हे अनुस्वार दिसल्यास त्यांना मुद्रणदोष म्हणू नये. प्रकाशकाने जुने लेखन जाणीवपूर्वक राखले असेल, तर त्याचा उल्लेख करावा. खरे मुद्रणदोष मात्र पान क्रमांकासह सांगावेत, कारण साडेचारशे रुपये मोजणाऱ्या वाचकाला ते कळण्याचा अधिकार आहे.

आत्मचरित्रावर लिहिताना तुम्ही बहुधा लेखकाच्या आयुष्याचा सारांश देता. हा सर्वांत सामान्य दोष आहे, आणि तो माझ्याही हातून कित्येक वर्षे झाला. आयुष्य कष्टाचे होते म्हणून पुस्तक चांगले ठरत नाही, आणि आयुष्य कष्टाचे असल्यामुळे पुस्तकाबद्दल काही बोलूच नये, हेही खरे नाही. तिथे मी तीन प्रश्न विचारतो: कोण सांगते आहे, ते कोणत्या वयातून मागे पाहते आहे आणि ते कुणाला उद्देशून बोलते आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) पहिल्या प्रश्नाला पुस्तकानेच रूप दिले आहे. तिथे दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन भाग झाले आहेत, आणि त्या दोघांमधले अंतर हाच पुस्तकाचा मोठा विषय आहे. केवळ घटनांचा सारांश दिला, तर नेमके हेच निसटते. ‘बलुतं’च्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवून पाहा; तिचा पहिला भाग १९३४मध्ये आला. लक्ष्मीबाई समोर बसून बोलल्यासारख्या लिहितात, स्वतःच्या फजितीचे प्रसंग मोकळेपणाने सांगतात, आणि पती नारायण वामन टिळकांवरचा राग व माया एकाच परिच्छेदात ठेवतात. दोन्ही पुस्तके प्रांजळ आहेत, पण प्रांजळपणा दोन्हीकडे वेगळ्या वाटेने आला आहे. ती वाट दाखवणे हे परीक्षकाचे काम आहे. आजच्या एखाद्या आत्मचरित्रात सगळे शत्रू दुष्ट आणि लेखक सदैव बरोबर असे दिसले, तर या शेजारामुळे ते लगेच ओळखू येते.

ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहासग्रंथ यांची गल्लत आपल्याकडे फार होते. १४ जानेवारी १७६१च्या पानिपतच्या लढाईवर विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८मध्ये आली. त्याच लढाईवर त्र्यं. शं. शेजवलकरांचा इतिहासग्रंथही आहे. ही दोन्ही पुस्तके मी एका उन्हाळ्यात समोरासमोर ठेवून वाचली, आणि तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. कादंबरीकाराला संवाद रचण्याची, एखाद्या सरदाराच्या मनात शिरण्याची मोकळीक आहे, आणि ती त्याने घेतलीच पाहिजे. कोणत्या कथित संवादाला पुरावा नाही, अशी यादी करत बसणे हे कादंबरीचे परीक्षण नव्हे. परंतु फौजा कोणत्या क्रमाने हलल्या, यमुनेची स्थिती काय होती, रसद कुठे तुटली, या गोष्टी बदलल्या, तर पात्रांच्या निर्णयांचा अर्थही बदलतो. म्हणून तेवढे मी इतिहासाच्या पुस्तकावरून पडताळून पाहतो. इतिहासग्रंथ हाती आला, की आधी शेवटची संदर्भसूची आणि टिपा वाचतो. मग मजकुरातली तीन ठाम विधाने निवडतो आणि त्यांचा आधार दिलेला आहे का, तो अस्सल पत्रांचा आहे की नंतरच्या बखरीचा, हे पाहतो. सर्व काही तपासणे हौशी माणसाला शक्य नसते, पण तीन विधाने कुणालाही तपासता येतात. तपासली असतील, तर कोणती ते परीक्षणात लिहावे.

कवितासंग्रहाला मी सलग बसून कधीच वाचत नाही. दिवसाला पाच-सहा कविता, त्याही मोठ्याने. कवीने छंद वापरला असेल, तर तो ओळखता यावा इतकी तयारी हवी. ओवी, अभंग आणि चार-दोन मात्रावृत्ते कानाला परिचित असली, की पुष्कळ काही उलगडते. मर्ढेकरांनी अभंग-ओवीच्या जुन्या चालीत यंत्रयुगातल्या शहराचा अनुभव बसवला. ती चाल ज्याच्या कानात नाही, त्याला त्या कवितेतला निम्मा ताण जाणवणार नाही. मुक्तछंदात ओळ कुठे तुटते आणि तिथेच का, हे विचारावे. कवितेवर लिहिताना ओळी उद्धृत कराव्याच लागतात, आणि कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२नुसार समीक्षेसाठी केलेल्या न्याय्य वापराला मुभा आहे. पण संपूर्ण कविता उतरवून खाली दोन ओळींचे कौतुक लिहिणे हा समीक्षेसाठी केलेला वापर नव्हे. मी चार ते सहा ओळी घेतो आणि त्यांच्यावर किमान दुप्पट मजकूर लिहितो.

बोलीतल्या लेखनावर ‘भाषा समजायला जड आहे’ असा शेरा मी वारंवार वाचतो, आणि दर वेळी वाईट वाटते. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (१९६०) वऱ्हाडी बोलीत श्वास घेते. मी कृष्णाकाठचा, पहिली तीस-पस्तीस पाने मला अडखळत गेली. मोठ्याने वाचल्यावर कान सरावला, आणि नंतर जाणवले, की नायिका कौतिकचे दुःख त्या बोलीशिवाय ऐकूच आले नसते. परीक्षकाने वाचकाला हे सांगावे, की सुरुवातीला अडखळायला होईल, साधारण इतक्या पानांनंतर सोपे जाईल, आणि हे दहा शब्द आधी माहीत करून घ्या. ही मदत आहे, आणि ती प्रमाणभाषेच्या वाचकाला खरोखर हवी असते.

अनुवादाच्या बाबतीत मला मिरजेचा फायदा झाला. इथे कन्नड कानावर पडतच असते, त्यामुळे कन्नडमधून आलेल्या मराठी वाक्याखाली मूळ भाषा वाहताना मला कधीकधी ऐकू येते. एक छोटे उदाहरण देतो. कन्नडमध्ये ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे कित्येक घरांत वडिलांनाच अण्णा म्हणतात. अनुवादकाने हा शब्द तसाच ठेवला आणि नाते कुठेच स्पष्ट केले नाही, तर मराठी वाचक दोन प्रकरणे चुकीचे नाते धरून वाचत राहतो. अशा वेळी दोष मूळ लेखकाच्या माथी मारू नये. मूळ भाषा येत नसेल, तर ‘अनुवाद मूळबरहुकूम आहे’ असेही लिहू नये, कारण ते कळण्याचे साधनच आपल्याजवळ नसते. मराठी वाक्य मराठीच्या अंगाने चालते का, नात्यांचे आणि आदराचे शब्द शेवटपर्यंत एकसारखे आहेत का, एवढेच तपासावे. अनुवादकाचे नाव मात्र लेखकाच्या नावाला जोडूनच द्यावे. पुष्कळ परीक्षणांत ते येतच नाही, आणि हा अन्याय आहे.

बालवाङ्मयावर लिहायचे, तर ते मुलासमोर वाचून दाखवल्याखेरीज लिहू नका; मूल कुठे उठून गेले, ती माझी मुख्य नोंद असते. भयकथेचा निकाल रात्री एकट्याने वाचून लागतो, तिथे मी फार विश्लेषण करत नाही.

विज्ञानकथेपाशी मात्र थोडे थांबावेसे वाटते, कारण तिथे लेखकाच्या नावाचे दडपण फार येते. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगद्विख्यात शास्त्रज्ञाच्या नावाचा कथेला ना फायदा झाला ना तोटा. या घटनेवरून धडा घेऊन मी एक पथ्य पाळत आलो आहे: मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना आणि पुरस्कारांची यादी मी पुस्तक संपल्यानंतरच वाचतो. विज्ञानकथेत पुढे एवढेच विचारतो, की लेखकाने कोणती एक वैज्ञानिक कल्पना गृहीत धरली आहे आणि ती काढून घेतली तर कथा उभी राहते का. उभी राहत असेल, तर विज्ञान तिथे केवळ सजावटीला आले आहे, मग त्या कथेला साध्या कौटुंबिक कथेच्या शेजारी ठेवून पाहावे.

आता भेट आलेल्या पुस्तकांविषयी. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०२१मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार समाजमाध्यमांतून एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने ती वस्तू फुकट मिळाली असल्यास तसे उघड सांगणे अपेक्षित आहे. पुस्तकालाही मी तेच लावतो. ‘हे पुस्तक लेखकाकडून भेट आले आहे’ हे वाक्य मी पहिल्याच परिच्छेदात लिहितो, तळटीपेत लपवत नाही. एकदा एका प्रकाशन संस्थेने पुस्तकासोबत तयार परीक्षणही पाठवले आणि माझ्या नावाने ते प्रसिद्ध करावे असे सुचवले. पुस्तक बरे होते, तरीही मी ते परत पाठवले, कारण त्यानंतर मी जे काही लिहिले असते, त्यावर मलाच विश्वास ठेवता आला नसता. ओळखीच्या माणसाचा पहिला संग्रह असेल, तर मी त्यांना घरी चहाला बोलावतो, माझ्या पट्ट्या समोर ठेवून मत सांगतो आणि जाहीर लिहीत नाही. जवळच्यांना नकार देणे अवघड असते, याची मला कल्पना आहे. पण पुस्तक स्वीकारतानाच ‘वाचीन, लिहीनच असे नाही’ हे सांगून ठेवले, तर नंतरचे अवघडलेपण पुष्कळ कमी होते.

प्रतिकूल परीक्षण लिहून झाले, की चार दिवस तसेच ठेवा. चौथ्या दिवशी प्रत्येक दोषापुढे पान क्रमांक आहे का, ते पाहा. नसेल, तर तो दोष खोडा किंवा पुस्तकात पुन्हा शोधा. नवोदिताला सवलत द्यावी का, असे लोक विचारतात. मी निर्णयात सवलत देत नाही, जागेत देतो: नवोदिताच्या पुस्तकातले जमलेले एक प्रकरण घेऊन त्यावर अधिक सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या पुस्तकासाठी त्याला काही हाती लागते.

तुमच्या मागच्या परीक्षणांपैकी रहस्यकथेवरचे परीक्षण पहिल्यांदा पुन्हा लिहा, कारण तिथे पद्धतीचा फरक सर्वांत लवकर दिसतो. शेवट तुम्हाला आता माहीत आहेच. पहिली ऐंशी पाने पट्ट्या हाताशी घेऊन पुन्हा वाचा, आणि शेजारची तीन पुस्तके निवडण्यासाठी जवळच्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर जाऊन विचारा. तिथे बसणाऱ्यांना कोणते पुस्तक किती वेळा बाहेर जाते, हे पाठ असते.